फिट म्हणजे कौल नव्हे

१९५६ साली नालासोपाऱ्याजवळच्या भुईगावात सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्याआधी १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला, तेव्हा आठव्या शिलालेखाचा तुकडाही हाती आला होता. भुईगावच्या दगडावर मजकुराचा काही भागच उरला आहे. सगळा लेख गिरनार, कालसी इथल्या प्रतींवरून लागतो. त्यात अशोक सांगतो की लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ देणारा विधी निराळा: नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जीवमात्राबाबत संयम ठेवणे आणि दान करणे.

आजारपण आणि दान या दोन्ही गोष्टी ज्या लेखात शेजारी शेजारी येतात, तो लेख याच पंचक्रोशीत सापडावा याला आज वेगळा अर्थ आहे.

बोळिंज तिथून फार लांब नाही. विरार पश्चिमेच्या या गावात जुनी घरे आणि वाड्या आहेत, तशा म्हाडाच्या उंच इमारतीही. आसपास नंदाखालचे चर्च, आगाशीचे जैन मंदिर, निर्मळचे शंकराचार्यांचे समाधिमंदिर आणि विरारच्या डोंगरावरची जीवदानी. इथल्या कोणाची किडनी किंवा लिव्हर निकामी झाले आणि प्रत्यारोपणाची वेळ आली, की वाट बहुधा मुंबईची असते. शस्त्रक्रिया तिकडे होते, टाके तिकडे निघतात. पुढचे आयुष्य मात्र इकडे काढायचे असते, विरार लोकलने तपासणीला ये-जा करत. आणि प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांना येते ती फिट कधी रुग्णालयात खाटेवर येते, तर कधी घरी, रात्रीच्या जेवणानंतर, सगळ्यांच्या देखत.

हातपाय ताठ होतात, डोळे फिरतात, अंग झटके देऊ लागते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी मुठीत किल्ली कोंबतो. दोनतीन मिनिटांत झटके थांबतात आणि माणूस निपचित पडतो. मग कुजबुज सुरू होते. बाहेरचे काही लागले का? नवस फेडायचा राहिला का? आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न: दुसऱ्याचा अवयव अंगात घेतला, तो देवाला मानवला नाही का?

हा शेवटचा प्रश्न अडाणीपणा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. वर्षानुवर्षे डायलिसिसच्या सुया टोचून घेतलेला, आईची, बहिणीची किंवा बायकोची किडनी घेऊन उभा राहिलेला माणूस मनातून आधीच हललेला असतो. आपल्यासाठी दुसऱ्याच्या पोटावर सुरी चालली हे त्याला विसरता येत नाही. मृत दात्याचा अवयव मिळाला असेल तर कोणाच्या तरी घरचा आकांत आपल्या वाट्याचे जीवन घेऊन आला, हे ओझे वेगळेच. अशा माणसाला फिट आली की त्याच्या मनातल्या शंकेला पुरावा मिळाल्यासारखे होते. म्हणून प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, आणि तो धर्माचा म्हणून विचारला गेला असेल तर धर्माच्या अंगणातही द्यायला हवे.

हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले की लोक ज्याला पवित्र आजार म्हणतात तो इतर आजारांहून अधिक दैवी नाही. त्याचे मूळ मेंदूत आहे. चरकसंहितेत अपस्माराला निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे; दोष, लक्षणे, औषधे अशी त्याची रीतसर मांडणी आहे. उन्मादाच्या निदानात तर चरक स्पष्टच सांगतो की देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणीही माणसाला आपणहून पीडा देत नाही. तिथे तो कारण म्हणून माणसाच्याच प्रज्ञापराधाकडे, म्हणजे समजुतीच्या चुकीकडे, बोट दाखवतो.

बायबलमध्ये या विषयावर दोन प्रसंग आहेत आणि वसईच्या ख्रिस्ती घरांना ते दोन्ही परिचित आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप झटके येणाऱ्या मुलाला घेऊन येतो. मुलगा कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. तिथे त्या त्रासाला आत्म्याची बाधा म्हटले आहे. पण येशू बापाला आधी काय विचारतो हे बघण्यासारखे आहे: याला हे किती दिवसांपासून होते आहे? आजही फिटच्या रुग्णाला घेऊन गेल्यावर डॉक्टरांचे पहिले प्रश्न असेच असतात. बापाने काय पाप केले, हे तिथे विचारलेले नाही. योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून तो प्रश्न विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो.

तेव्हा आजार म्हणजे शिक्षा, हा समज धर्माच्या नावाने चालत असला तरी धर्मग्रंथांनीच तो जागोजागी खोडून काढला आहे. चरकाचा प्रज्ञापराध मात्र इथे अडतो. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या बाबतीत पुष्कळदा उलटेच घडलेले असते. त्याने पथ्य मोडलेले नसते, गोळी चुकवलेली नसते. सांगितलेली गोळी त्याने घड्याळ लावून घेतलेली असते आणि फिट त्या गोळीमुळेच आलेली असते.

ती गोळी बहुतेकदा टॅक्रोलिमसची. परका अवयव शरीराने फेकून देऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांतले सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरल्या मातीतल्या बुरशीपासून मिळाले. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या सूक्ष्मजीवात सापडले. ही औषधे नव्हती तेव्हा प्रत्यारोपण हे धाडसच होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. आज प्रत्यारोपित किडनीवर लोक वर्षानुवर्षे संसार करतात, कामावर जातात, यात या मातीतून आलेल्या औषधांचा वाटा फार मोठा आहे.

याच औषधांचा एक परिणाम मेंदूवर होतो. सुरुवातीला हात थरथरतात, चहाचा कप धरताना ते जाणवते. डोके दुखते, झोप उडते. औषधाचे रक्तातले प्रमाण वाढले, आणि कधी कधी प्रमाण बरोबर असतानाही, फिट येऊ शकते. टॅक्रोलिमसमुळे मूत्रावाटे मॅग्नेशियम वाहून जाते आणि मॅग्नेशियम उतरले की मेंदू अधिक चटकन पेटतो. रक्तदाब चढला तर मेंदूच्या मागच्या भागात सूज येऊ शकते, नजर अंधुक होते, माणूस बरळतो आणि मग झटके येतात. १९९६ मध्ये पंधरा रुग्णांवरच्या एका लेखात डॉक्टरांनी या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांतले काही जण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे होते. एमआरआयवर ही सूज दिसते, आणि रक्तदाब ताब्यात आणून औषध बदलले तर ती बहुतेकदा उतरते.

कारणे आणखीही असतात. रक्तातली साखर किंवा सोडियम उतरणे, मेंदूतला जंतुसंसर्ग, पक्षाघात, नवी किडनी पुन्हा कमजोर होणे, काही जंतुनाशके. म्हणून फिट थांबवणे हे अर्धेच काम. रक्ताची तपासणी, औषधाची लेव्हल, एमआरआय, गरज पडली तर पाठीतून पाणी काढून तपासणे, यांतून कारण हुडकावे लागते. कारण दूर झाले की फिटची गोळी अनेकांना कायमची घ्यावी लागत नाही. ती कधी बंद करायची हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

खरा तात्त्विक पेच यापुढे उभा राहतो. फिटवरचे एक जुने, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे औषध म्हणजे फेनिटॉइन. ते यकृतातली विघटनाची यंत्रणा वेगाने चालवते. त्यामुळे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन शरीरात लवकर संपतात, त्यांचे प्रमाण घसरते आणि ज्या अवयवासाठी सगळा खटाटोप केला तोच शरीर नाकारू लागते. कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटलचेही तसेच. व्हॅल्प्रोएट यकृताला बाधू शकते, म्हणून लिव्हर बदललेल्याला ते देताना डॉक्टर कचरतात. म्हणजे अवयव राखणारे औषध मेंदूला झोंबते आणि मेंदू शांत करणारे औषध अवयव घालवू शकते. दोन्ही बाजूंना जीवच आहे. धर्मसंकट म्हणतात ते हेच.

तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनसने स्वसंरक्षणाच्या संदर्भात एक विचार मांडला, त्यातून पुढे दुहेरी परिणामाचे तत्त्व तयार झाले. एकाच कृतीतून चांगला आणि वाईट असे दोन परिणाम निघत असतील, तर वाईट परिणाम हेतू म्हणून धरलेला नसावा, तो चांगल्याचे साधन बनलेला नसावा आणि त्याचे प्रमाण चांगल्याच्या मानाने वाजवी असावे. टॅक्रोलिमस देणे या कसोटीवर उतरते. पण तत्त्वाने परवानगी मिळाली की जबाबदारी संपली, असे होत नाही. प्रमाण वाजवी आहे का, हा प्रश्न एकदा सोडवून बाजूला ठेवता येत नाही; सकाळच्या गोळीआधी रक्त काढून लेव्हल पाहिली जाते तेव्हा प्रत्येक वेळी तो नव्याने विचारला जातो.

आगाशीच्या जैन मंदिराच्या परंपरेने याला पूरक असा दुसरा विचार दिला आहे. अनेकान्तवाद सांगतो की वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका जागेवरून केलेले विधान त्या जागेपुरतेच खरे असते. किडनीचे डॉक्टर क्रिएटिनिन पाहतात, मेंदूचे डॉक्टर ईईजी पाहतात. दोघांचे म्हणणे खरे, आणि दोघांचेही एकट्याने अपुरे. फिट आलेल्या रुग्णाच्या बाबतीत या दोघांनी एकमेकांशी बोलणे हे सौजन्य नव्हे, ते उपचाराचेच अंग आहे. आज डॉक्टरांची पसंती बहुधा लेव्हेटिरासेटामला असते, कारण ते टॅक्रोलिमसच्या वाटेत फारसे येत नाही. पण ते किडनीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी किती काम करते त्यावर त्याचा डोस बेतावा लागतो, आणि काही रुग्ण त्याने चिडचिडे होतात. टॅक्रोलिमसचा डोस कमी करणे, सायक्लोस्पोरिन किंवा दुसऱ्या गटातले औषध सुरू करणे, मॅग्नेशियम भरून काढणे, रक्तदाब हळूहळू खाली आणणे हे सोबत चालते. निर्दोष पर्याय एकही नाही. तारतम्य आहे आणि सतत लक्ष आहे.

आता दानाकडे. अवयवदानाचा १९९४ चा केंद्रीय कायदा झाला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारावर. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव कुटुंबाच्या संमतीने देण्याची वाट त्याने मोकळी केली. २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनी अवयवदानाला प्रेमाची कृती म्हणून मान्यता दिली. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी कसोटी आहे, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी आणि योग्य वेळी दिलेले दान, तिच्यात मृत दात्याचे दान जसेच्या तसे बसते. इथे परतफेडीचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याची वासना अवयवाबरोबर आली, ही भीतीही काही घरांत असते. निर्मळच्या समाधिमंदिरात नमस्कार करणाऱ्याने ती बाळगायचे कारण नाही. अद्वैताच्या भूमिकेत आत्मा हा देहाच्या एखाद्या तुकड्यात राहणारा पदार्थच नव्हे. किडनीबरोबर कधी दात्याच्या शरीरातला सुप्त विषाणू येतो, आत्मा येत नाही. वैद्यक आणि वेदान्त या मुद्द्यावर भांडत नाहीत.

पण दान स्वीकारणाऱ्याचे काय? पाली त्रिपिटकातल्या दक्खिणाविभंग सुत्तात दानाच्या शुद्धीची चर्चा आहे. दान देणाऱ्यामुळे शुद्ध होते, तसे घेणाऱ्यामुळेही होते, आणि उत्तम ते, जे दोघांमुळे होते. या विषयातली मध्यवर्ती गोष्ट हीच. देणाऱ्याचे काम शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपले. घेणाऱ्याचे तिथून सुरू होते आणि मरेपर्यंत चालते. त्याचे व्रत साधे आहे: बारा तासांच्या अंतराने गोळी, ठरल्या दिवशी रक्ततपासणी, आणि काहीही नवे घेण्याआधी विचारणे.

हे व्रत मोडते ते बहुधा भीतीने. फिट आल्यावर घरचे घाबरून टॅक्रोलिमसच बंद करतात आणि किडनी जाण्याची वेळ येते. जवळच्या दवाखान्यात प्रत्यारोपणाचे सांगायचे राहते आणि फेनिटॉइन सुरू होते. कोणी भलेपणाने प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा आणून देतो. ज्या माणसाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे त्याला तो देणे म्हणजे औषधाच्या विरुद्ध दिशेने ओढणे. गणपतीत पपनसाच्या फोडी वाटल्या जातात. चकोतऱ्याच्या जातीची ही फळे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढवू शकतात, म्हणून ती टाळायला सांगतात. कडक उपवासात जेवणाच्या आणि गोळीच्या वेळा बिघडतात आणि मधुमेह असेल तर साखर उतरते. एकादशी असो, रोजा असो वा उपवासकाळ, अशा रुग्णाला सूट देण्याची मुभा त्या त्या धर्मात आहेच. पुजारी, मौलवी किंवा फादर यांनी ती मोठ्या आवाजात सांगितली तर एखादी किडनी वाचेल.

दुसरी भीती लोक काय म्हणतील याची. फिट येते हे लग्नाच्या बोलणीत लपवायचे, नोकरीत लपवायचे, शेजाऱ्यांपासून लपवायचे. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फेफऱ्याचे झटके लग्नाला आडकाठी ठरत असत. १९९९ च्या दुरुस्तीने ते कलमातून काढून टाकले गेले. कायदा पुढे गेला, माणसे मागे राहिली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा लागू झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा आता गुन्हा आहे. फिटच्या रुग्णांनी अशी मारहाण पिढ्यान् पिढ्या सोसली आहे.

श्रद्धेला यात जागा आहे, आणि ती मोठी आहे. रात्रभर आयसीयूबाहेर बसलेल्या आईच्या हातातली जपमाळ किंवा रोझरी कोणी काढून घेऊ नये. जीवदानीची पायरी चढून आलेल्या भावाला त्या चढण्याने बळ मिळत असेल तर ते खरे बळ आहे. अशोकानेही मंगलविधी करू नका असे म्हटलेले नाही. प्रार्थना रुग्णाला आणि घराला उभे ठेवते. तिने निदान करू नये. फिट म्हणजे वरून आलेला कौल, असे ज्या क्षणी मानले जाते त्या क्षणी श्रद्धा रुग्णाची बाजू सोडून आरोप करणाऱ्याच्या बाजूला जाते. ज्याने दान स्वीकारले त्यालाच अपराधी ठरवणे हा रुग्णावर अन्याय आहे आणि दात्याचा अपमान आहे.

म्हणून प्रत्यारोपण झालेला माणूस ज्या घरात आहे त्या घराने चालू औषधांची यादी, डोससकट, पाकिटात आणि फ्रिजच्या दारावर ठेवावी. फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर साराव्यात. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नये. कांदा आणि चप्पल नको. घड्याळाकडे पाहावे. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, किंवा थांबून लगेच पुन्हा आले, तर ते जिवावरचे आहे; १०८ ला फोन करावा. लवकर थांबले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना कळवावे आणि त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद किंवा सुरू करू नये. नवस नंतर फेडता येईल.